बर्फावरचा पारखी

उरल पर्वताच्या परिसरात चेबार्कूल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे सोव्हिएत लष्कराची छावणी होती आणि छावणीचा ‘झ्वेझ्दा’ नावाचा आइस हॉकी संघ होता. १९६७ साली मॉस्कोतील लष्कराच्या बलाढ्य संघातून एकोणीस वर्षांचा एक ठेंगणा मुलगा या दुय्यम श्रेणीच्या संघात धाडण्यात आला. वरवर पाहता ही हकालपट्टीच होती. मुलाचे नाव वालेरी खारलामोव्ह. त्याला मॉस्कोच्या मुख्य संघात जागा नाही असे ठरवणारे प्रशिक्षक होते अनातोली तारासोव्ह. खेळाडू पारखण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या काळी सोव्हिएत देशात नव्हता. हाच खारलामोव्ह पुढे सोव्हिएत हॉकीचा सर्वांत लाडका आघाडीपटू ठरला. तारासोव्ह यांच्या आयुष्याकडे पाहताना त्यांच्या पदकांपेक्षा हा प्रसंग अधिक बोलका वाटतो, कारण खेळाडूची किंमत आकड्यांनी ठरवायची की डोळ्यांनी, या प्रश्नाशी ते आयुष्यभर झुंजत राहिले.

तारासोव्ह यांचा जन्म १० डिसेंबर १९१८ रोजी मॉस्कोत झाला. वडील लवकर गेले. आईने अनातोली आणि धाकटा युरी या दोन मुलांना कष्टाने वाढवले. दोघेही भाऊ मैदानावरच मोठे झाले. उन्हाळ्यात फुटबॉल आणि हिवाळ्यात ‘रशियन हॉकी’ हा त्या काळच्या रशियन मुलांचा शिरस्ता होता. ही रशियन हॉकी म्हणजे बँडी. फुटबॉलएवढ्या विस्तीर्ण बर्फाळ मैदानावर अकरा-अकरा खेळाडू चेंडूने खेळत. आज आपण ज्याला आइस हॉकी म्हणतो तो बंदिस्त रिंगणातला, रबरी चकतीचा, सहा-सहा खेळाडूंचा खेळ तेथे ‘कॅनेडियन हॉकी’ म्हणून ओळखला जाई आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो रशियात जवळजवळ अपरिचित होता. डिसेंबर १९४६ मध्ये या खेळाची पहिली सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा तारासोव्ह अठ्ठावीस वर्षांचे होते. म्हणजे ज्या खेळाचे ते पुढे आचार्य झाले, तो त्यांनी स्वतः ऐन तारुण्य सरत असताना शिकला.

शिकला म्हणजे तरी कसा? युद्धापूर्वीपासून लाटवियात हा खेळ रुजलेला होता. रीगाला जाऊन तिथल्या खेळाडूंना पाहावे, असे तारासोव्ह यांच्या मनात होते. मॉस्कोच्या क्रीडाशिक्षण संस्थेतील त्यांचे गुरू मिखाईल तोवारोव्स्की यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले. दुसऱ्याचे पाहून केलेली नक्कल नेहमी एक पाऊल मागेच राहते, तेव्हा आपला खेळ आपणच निर्माण करावा, असा त्यांचा आग्रह होता. तारासोव्ह यांनी हा प्रसंग पुढे आपल्या लिखाणात कृतज्ञतेने नोंदवला आहे. ज्या माणसाने नंतर निरीक्षणालाच आपले शास्त्र बनवले, त्याची सुरुवात असे एक निरीक्षण टाळून झाली, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिल्या मोसमात ते हवाईदलाच्या संघाचे खेळाडू आणि प्रशिक्षक होते. या संघाचा आश्रयदाता होता खुद्द स्टालिनचा मुलगा वासिली. त्याच्याशी तारासोव्ह यांचे जमले नाही आणि १९४७ साली ते लष्कराच्या संघात आले. हा संघ पुढे ‘सीएसकेए’ या नावाने जगप्रसिद्ध झाला. तेथे ते व्सेवोलोद बोब्रोव्ह आणि येवगेनी बाबिच यांच्यासमवेत आघाडीच्या फळीत खेळत. १९४७-४८ च्या मोसमात बोब्रोव्ह यांनी १८ सामन्यांत ५२ गोल केले. असा आकडा आजही वाचणाऱ्याला थक्क करतो. आणि तारासोव्ह यांच्या मनातील प्रश्न बहुधा येथेच रुजला.

तो प्रश्न समजण्यासाठी खेळाची थोडी ओळख हवी. आइस हॉकीत गोलरक्षक सोडला तर दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू एका वेळी बर्फावर असतात. खेळ इतका वेगवान असतो की साधारण मिनिटभरात अख्खी फळी बदलावी लागते. सामना साठ मिनिटांचा; पण त्यात एकेका खेळाडूच्या काठीला चकती प्रत्यक्ष लागलेली असते तो काळ मोजला तर तो मिनिट-दोन मिनिटांच्या पलीकडे सहसा जात नाही. उरलेल्या वेळात तो काय करतो, हे गोलांच्या रकान्यात कोठेच उमटत नाही. त्या आरंभीच्या वर्षांतील सोव्हिएत नोंदींत तर खेळाडूच्या नावापुढे मुख्यतः गोलच सापडतात. स्वतः तारासोव्ह यांच्या नावावर सुमारे शंभर सामन्यांत शंभराहून अधिक गोल आहेत. म्हणजे गोलांच्या भाषेत त्यांचेही काही वाईट नव्हते. तरीही बोब्रोव्ह यांच्या ५२ गोलांपैकी किती गोल बोब्रोव्ह यांचे आणि किती त्यांना चकती पुरवणाऱ्या दोघांचे, हा हिशेब त्यांना सतावत राहिला.

यात निव्वळ तत्त्वचिंतन होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. बोब्रोव्ह हा रशियन प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत होता आणि तारासोव्ह यांच्या स्वभावात ईर्षा नव्हती असे त्यांचे निकटवर्तीयही म्हणू शकले नसते. दोघांचे सूर अखेरपर्यंत जुळले नाहीत. परंतु वैयक्तिक सल असला तरी त्यातून निघालेला प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर शोधताना तारासोव्ह यांनी जे उभे केले ते त्या सलापेक्षा कितीतरी मोठे होते.

जानेवारी १९५० मध्ये हवाईदलाच्या संघाला घेऊन जाणारे विमान स्वेर्दलोव्हस्कजवळ कोसळले. संघातील अकरा खेळाडू त्यात दगावले. मृतांत युरी तारासोव्ह होता. बोब्रोव्ह तोवर हवाईदलाच्याच संघात गेले होते. त्यांचे विमान चुकले म्हणून ते बचावले. भावाचा मृत्यू तारासोव्ह यांनी क्वचितच बोलून दाखवला.

खेळणे थांबल्यावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी जी पद्धत बसवली तिचा पाया तीन प्रकारच्या वेगांवर होता. पहिला वेग पायांचा, म्हणजे स्केटिंगचा. दुसरा हातांचा, म्हणजे चकती घेणे, देणे आणि खेळवणे यांचा. तिसरा वेग विचारांचा. पहिल्या दोहोंना घड्याळ लावता येते. तारासोव्ह यांनी ते लावलेही. धावण्याच्या, उड्यांच्या, वजने उचलण्याच्या नोंदी ठेवल्या. वर्षभर चालणारा जमिनीवरचा सराव ही त्यांचीच देणगी. त्यात कोलांटउड्या, बास्केटबॉल, फुटबॉल, खांद्यावर साथीदाराला घेऊन धावणे असा सारा मसाला असे. तिसऱ्या वेगाला मात्र घड्याळ लागत नाही. तो पाहावाच लागतो.

पाहायचे तरी काय? तारासोव्ह यांची नजर चकतीवर नसे. चकती जिच्याकडे नाही त्या काठीवर ती असे. जोडीदार संकटात सापडला की हा आघाडीपटू मोकळी जागा शोधतो की गोलापुढे उभा राहून वाट पाहतो? पास देण्याआधी त्याची मान वर होते की नाही? चकती हरवल्यावर तो परत फिरतो का, आणि कितव्या पावलाला फिरतो? या सगळ्या गोष्टी सामन्याच्या निकालपत्रात नसतात. म्हणून त्यांनी निकालपत्रच वाढवले. सामन्यात दिले गेलेले पास मोजण्याची प्रथा त्यांनी कसोशीने पाळली. संघाने किती पास दिले, त्यांतले किती अचूक गेले, प्रतिस्पर्ध्याने किती दिले, याची तुलना त्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. गोल करणाऱ्याइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, श्रेय ते गोल घडवणाऱ्याला देत. कॅनडात त्याच सुमारास मॉन्ट्रियलच्या ‘कॅनेडियन्स’ संघाने खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाचे किती गोल झाले आणि किती गोल खाल्ले, यांची वजाबाकी मांडण्यास प्रारंभ केला होता. ‘प्लस-मायनस’ नावाची ही नोंद तिकडच्या व्यावसायिक लीगने १९६७-६८ पासून अधिकृत केली. दोन्ही ठिकाणी रोग एकच ओळखला गेला होता: गोलांचा रकाना अपुरा आहे.

येथे आणखी एका नावाचा उल्लेख आवश्यक आहे. टोरांटोचे लॉईड पर्सिव्हल हे कॅनडातील क्रीडाशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९५१ साली ‘द हॉकी हँडबुक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. स्केटिंग, पास, आहार, व्यायाम अशा प्रत्येक अंगाची शास्त्रीय चिकित्सा करणाऱ्या या पुस्तकाची त्यांच्याच देशातील मातब्बर प्रशिक्षकांनी टर उडवली. मॉस्कोत मात्र ते बारकाईने वाचले गेले. त्या पुस्तकाचे ऋण तारासोव्ह यांनी मोकळेपणाने मान्य केले. घरची कोंबडी डाळीबरोबर, ही म्हण मराठीपुरती मर्यादित नसावी.

१९५४ साली स्टॉकहोम येथे सोव्हिएत संघ पहिल्यांदाच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरला आणि कॅनडाला ७-२ असे हरवून विजेता ठरला. त्या संघाचे प्रशिक्षक होते अर्कादी चेर्निशेव्ह, आणि सर्वोत्तम आघाडीपटू ठरले बोब्रोव्ह. तारासोव्ह यांच्याकडे राष्ट्रीय संघाची सूत्रे १९५८ मध्ये आली. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकावर समाधान मानावे लागल्यावर ती काढूनही घेण्यात आली. खरा काळ सुरू झाला तो १९६३ पासून. चेर्निशेव्ह मुख्य प्रशिक्षक आणि तारासोव्ह त्यांचे सहकारी, अशी जोडी जमली. एक ‘डायनामो’चा, दुसरा लष्कराचा, एक मितभाषी, दुसरा गडगडाटी. १९६३ ते १९७१ या काळात त्यांच्या संघाने सलग नऊ जागतिक अजिंक्यपदे पटकावली. १९६४, १९६८ आणि १९७२ या तीनही हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धांचे सुवर्णपदकही त्यांचेच. या अवधीत तारासोव्ह यांचा लष्करी संघ देशांतर्गत स्पर्धाही जवळजवळ दरवर्षी जिंकत होता.

या यशामागे आघाडीच्या फळ्या जुळवण्याची त्यांची हातोटी होती. लोक्तेव्ह, अल्मेतोव्ह आणि अलेक्सांद्रोव्ह हे त्रिकूट घ्या. वेनियामिन अलेक्सांद्रोव्ह यांनी १९६२-६३ च्या मोसमात ५३ गोल केले आणि वर्तमानपत्रे त्यांच्या नावाने भरली. तारासोव्ह मात्र त्या फळीचा कणा म्हणून मधल्या अल्मेतोव्हकडे पाहत. बोरिस मिखाईलोव्ह हे दुसरे उदाहरण. त्यांचे स्केटिंग देखणे नव्हते; प्रथमदर्शनी पाहणाऱ्याने त्यांना सहज नाकारले असते. परंतु गोलापुढच्या धक्काबुक्कीत उभे राहण्याची त्यांची चिवट वृत्ती तारासोव्ह यांनी हेरली. पुढे सोव्हिएत लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल याच मिखाईलोव्ह यांच्या नावावर जमा झाले. अनातोली फिरसोव्ह हे तर त्यांचे मानसपुत्रच म्हणावे लागतील. १९६१ साली ‘स्पार्टाक’मधून आलेल्या या सडपातळ तरुणाला त्यांनी सरावाने असे घडवले की १९६७, १९६८ आणि १९७१ साली जागतिक स्पर्धेतील सर्वोत्तम आघाडीपटूचा मान त्याला मिळाला.

मग खारलामोव्हच्या बाबतीत ही नजर कशी चुकली? लहानपणी आजाराने हृदय कमजोर झाले म्हणून डॉक्टरांनी त्याला खेळ वर्ज्य केला होता. वडिलांनी तरीही गुपचूप लष्कराच्या हॉकी शाळेत नेले. तेथे त्याच्याहून एक वर्ष लहान मुलांची निवड चालू होती. हा अंगाने इतका किरकोळ की वय लपवले तरी कोणाच्या लक्षात आले नाही. या शरीरानेच पुढे घात केला. कॅनडाच्या धिप्पाड बचावपटूंशी गाठ पडणार असेल तर आघाडीपटू उंच आणि भक्कम हवा, असे त्या काळी तारासोव्ह यांचे मत झाले होते. चकतीबरोबर काय करतो हे पाहण्याआधीच त्यांच्या नजरेने मुलाची उंची मोजली. ज्या आकड्यांच्या जुलमाविरुद्ध ते बोलत, त्याच जातीचा एक आकडा त्यांच्या डोळ्यांवर झापड बांधून गेला. दोष नजरेचा की मोजपट्टीचा, हे सांगणे अवघड आहे. बहुधा दोघांनी एकमेकांना साथ दिली.

सुदैवाने त्यांचे सहकारी बोरिस कुलागिन यांचा या मुलावर विश्वास होता. चेबार्कूलला पाठवण्याची कल्पना त्यांनीच उचलून धरली. तेथे खारलामोव्हला भरपूर खेळायला मिळाले आणि त्याने ४० सामन्यांत ३४ गोल केले. पण हे गोल दुय्यम श्रेणीतील होते. तिथला गोल आणि मॉस्कोतला गोल एकाच तराजूत घालता येत नाहीत, हे कोणत्याही जाणत्या प्रशिक्षकाला ठाऊक असते. म्हणून कुलागिन यांनी स्वतः जाऊन त्याचा सामना पाहिला आणि मगच शिफारस केली. मार्च १९६८ मध्ये खारलामोव्ह परतला. आकड्यांनी दार ठोठावले आणि डोळ्यांनी ते उघडले. तारासोव्ह यांचा मोठेपणा असा की त्यांनी आपला पूर्वग्रह धरून ठेवला नाही. त्याच वर्षी त्यांनी खारलामोव्हला मिखाईलोव्ह आणि व्लादिमीर पेत्रोव्ह यांच्या जोडीला खेळवले. वर्षभरात हे त्रिकूट जगज्जेत्या संघाचे अविभाज्य अंग झाले.

तारासोव्ह यांचे वागणे मात्र नेहमी इतके समंजस नसे. मे १९६९ मध्ये ‘स्पार्टाक’विरुद्धच्या निर्णायक सामन्यात आपल्या संघाचा एक गोल नाकारला गेला म्हणून त्यांनी संपूर्ण संघ बर्फावरून बाहेर नेला. प्रेक्षागारात खुद्द ब्रेझनेव्ह बसले होते. बऱ्याच वेळाने सामना पुन्हा सुरू झाला आणि लष्कराचा संघ हरला. ‘सन्माननीय प्रशिक्षक’ ही पदवी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. ती काही काळाने परत मिळाली. खेळाडूंशीही ते कठोर वागत. आजच्या प्रशिक्षकाला तितके कठोर राहून नोकरी टिकवता येणार नाही.

त्यांच्या पारखीचा सर्वांत धाडसी प्रयोग १९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकपूर्वीचा. मिखाईलोव्ह, पेत्रोव्ह, खारलामोव्ह ही फळी उत्तम गोल करीत असतानाच त्यांनी ती मोडली. आकडे पाहणारा कोणीही असे करायला धजला नसता. खारलामोव्हला त्यांनी विकुलोव्ह आणि फिरसोव्ह यांच्यासोबत आणले आणि तिशी गाठलेल्या फिरसोव्हला आघाडीतून मागे ओढून फुटबॉलमधल्या हाफबॅकसारखी जागा दिली. जुन्या साथीदारांपासून तुटल्याने खारलामोव्ह खट्टू झाला होता. तारासोव्ह यांचा होरा असा होता की जुन्या फळीत त्याची प्रतिभा सवयीच्या चाकोरीत अडकते आहे; मागून फिरसोव्हसारखा चतुर माणूस चकती पुरवील तर तो अधिक मोकळा होईल. साप्पोरोत सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकले आणि स्पर्धेत सर्वाधिक गुण खारलामोव्हचे होते.

तेच त्यांचे राष्ट्रीय संघाबरोबरचे अखेरचे पाऊल ठरले. साप्पोरोहून परतल्यावर दोन्ही प्रशिक्षक पदावरून दूर झाले. त्यामागील कारणांच्या अनेक हकिकती सांगितल्या जातात. त्यांच्या जागी आले ते बोब्रोव्ह. दैवाचा हा फेरा तारासोव्ह यांना किती बोचला असेल याची कल्पना करता येते. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी सोव्हिएत संघाची आठ सामन्यांची ऐतिहासिक मालिका झाली. या सामन्यांची आस तारासोव्ह यांनी वर्षानुवर्षे धरली होती. ती पुरी झाली तेव्हा ते प्रेक्षक होते.

या मालिकेआधी कॅनडाने दोन पारखी रशियात पाठवले होते. त्यांनी गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याला एका सामन्यात आठ गोल खाताना पाहिले आणि हा कच्चा दुवा आहे, असा अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी त्रेत्याकचे लग्न होते आणि त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते, हे त्यांना कोण सांगणार? २ सप्टेंबर १९७२ रोजी मॉन्ट्रियल येथे कॅनडाने पहिल्या साडेसहा मिनिटांत दोन गोल केले, तेव्हा अहवाल खरा वाटला असेल. अखेरीस सोव्हिएत संघ ७-३ असा जिंकला. त्यांतील दोन गोल खारलामोव्हचे होते. एकच सामना पाहून बांधलेला अंदाज किती महागात पडतो याचा हा धडा हॉकीत आजही सांगितला जातो. मालिका अर्थात कॅनडानेच अटीतटीने जिंकली.

१९७४ मध्ये तारासोव्ह यांनी लष्करी संघाचीही धुरा सोडली. त्याच वर्षी टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ज्यांच्याशी आयुष्यभर दावा मांडला त्यांनीच हा गौरव केला. १९७५ मध्ये ते लष्कराच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. तेथे त्यांची डाळ शिजली नाही. संघ सोळांत तेरावा आला आणि वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला गेला. एका खेळात मुरलेली नजर दुसऱ्या खेळात तशीच चालत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

नंतरची वर्षे त्यांनी पुस्तके लिहिण्यात आणि मुलांना पाहण्यात घालवली. १९६४ पासून ‘सोनेरी चकती’ ही गल्लीबोळांतील मुलांच्या संघांची देशव्यापी स्पर्धा त्यांच्या पुढाकाराने चालत असे. कडाक्याच्या थंडीत उघड्या बर्फाच्या कडेला उभा असलेला तो जाडजूड म्हातारा मुलांच्या परिचयाचा झाला होता. घरातही खेळाचेच वातावरण होते. त्यांची कन्या तात्याना तारासोवा फिगर स्केटिंगची प्रशिक्षक म्हणून वडिलांइतकीच विख्यात झाली. खारलामोव्ह ऑगस्ट १९८१ मध्ये मोटार अपघातात गेला. ३३ वर्षांचे आयुष्य आणि सोव्हिएत लीगच्या ४३८ सामन्यांत २९३ गोल एवढी त्याची लेखी शिल्लक. १९८७ मध्ये व्हँकूव्हरच्या व्यावसायिक संघाने तारासोव्ह यांना आपल्या सराव शिबिरासाठी पाचारण केले. सत्तरीकडे झुकलेले, लंगडत चालणारे तारासोव्ह तेथे गेले आणि ज्या व्यावसायिकांना हरवण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, त्यांना जमिनीवरच्या कोलांटउड्या शिकवू लागले. २३ जून १९९५ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. वागान्कोव्हो दफनभूमीत त्यांची समाधी आहे.